रापी आमच्या हातात, नोंदवहीत नाव कोणाचे?

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल मिरवली आणि महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला. कोल्हापुरीच्या अस्मितेवर रकाने भरले. परंतु ही चप्पल शिवतो कोण, त्याच्या घरात चूल कशी पेटते आणि त्याची मुले हे काम शिकणार की नाही, हे फारसे कुणी विचारले नाही. माढ्यासारख्या तालुक्यातून आम्हाला नेमके तेच विचारायचे आहे. कारण कोल्हापुरीचे भौगोलिक मानांकन एकट्या कोल्हापूरचे नाही. २०१९ साली जाहीर झालेल्या या मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. म्हणजेच माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णीचा कारागीरही या नावाचा कायदेशीर हक्कदार होऊ शकतो.

हे काम सोपे नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले कातडे भिजवायचे, कुटायचे, रापीने कापायचे आणि कडेला तासून पातळ करायचे. रापी जरा खोल गेली की पट्टा वाया. वरवर फिरली तर शिवणीचा उंचवटा पायाला घासतो. आरीची भोके सारख्या अंतरावर नसतील तर ताण एकाच जागी येतो आणि चप्पल तिथेच उसवते. खिळा न ठोकता चामड्याच्या वादीने तळ शिवायचा, बारीक पट्ट्यांची वेणी घालायची. वेणीचे आणि शिवणीचे नाजूक काम पुष्कळ घरांत बायकाच करतात, पण कारागीर म्हणून नाव पुरुषाचे लागते.

हात बसायला वर्षे जातात. दुसरा कुणी इतकी वर्षे शिकला असता तर त्याला पदवी मिळाली असती. चर्मकाराला मात्र "हे तुमच्या रक्तातच आहे" असे कौतुकाने सांगितले जाते. आमचा आक्षेप या कौतुकालाच आहे. रक्तात कसब नसते. ते चुकून, बोटे कापून घेऊन, पुन्हा पुन्हा करून शिकावे लागते. कसब रक्तात आहे असे एकदा ठरले की शाळा नको, शिक्षक नको, विद्यावेतन नको आणि योग्य मजुरीही नको!

जातिसंस्था ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच फाळणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. चामड्याइतका त्याचा ढळढळीत पुरावा दुसरा नाही. मेलेले जनावर ओढणारा महार, कातडे कमावणारा ढोर, जोडा शिवणारा चांभार. एकच कातडे तिघांच्या हातून जाई, पण तिघे एका पंगतीत बसत नसत.

आमचेच काही बांधव विचारतात की, १९२७ च्या महाड परिषदेपासून मृत मांस आणि ही गलिच्छ कामे सोडण्याची शिकवण आपण घेतली, मग आता रापीचे गुणगान कशासाठी? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी झुगारायला लावली ती जन्माने लादलेली गुलामगिरी. स्वतःच्या इच्छेने, पुरेशा मोबदल्यावर, मानाने शिकलेली विद्या ही वेगळी गोष्ट आहे. चर्मकाराच्या मुलीला डॉक्टर व्हायचे असेल तर तिला रापीकडे ढकलण्याचा अधिकार कुणालाही नाही. आणि लिंगायत, मराठा, ब्राह्मणाच्या मुलाला चर्मकला शिकायची असेल तर त्यालाही त्याच बाकावर जागा हवी. तो बाकावर येऊन बसेल, त्या दिवशी आम्ही या कलेला कला म्हणू.

सरकारची दिशा उलटी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत चर्मकार आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये मिळतात, हे आम्ही नाकारत नाही. पण प्राथमिक प्रशिक्षण अवघे पाच ते सात दिवसांचे! एवढ्यात रापीला धार लावणेही धड येत नाही. शिवाय योजनेचा घोषित हेतू गुरु-शिष्य आणि कौटुंबिक परंपरा बळकट करण्याचा आहे. हा जातीचा धंदा पक्का करण्याचा मार्ग आहे, म्हणून तामिळनाडू सरकारने २०२४ साली ही योजना आहे त्या स्वरूपात राबविण्यास नकार दिला. महाराष्ट्र मात्र गप्प!

आता कायद्याचे. कोल्हापुरीचे मानांकन महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाच्या आणि कर्नाटकच्या लिडकर महामंडळाच्या नावावर आहे. प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली; मानांकनाचा नोंदणीकृत मालक स्वतः दाद मागू शकतो, हे त्यामागचे एक कारण होते. धडा स्पष्ट आहे. ज्याचे नाव नोंदवहीत, त्याचाच आवाज कोर्टात. १९९९ च्या मानांकन कायद्यातील कलम १७ प्रमाणे प्रत्यक्ष उत्पादक स्वतःची 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करू शकतो आणि कलम २१ त्याला नक्कल करणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क देते.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने दोन्ही महामंडळांशी करार केला. २,००० जोड, किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे जवळपास ऐंशी हजार रुपये! त्यातले शिवणाऱ्याच्या हातात किती पडतात, हे महामंडळाने जाहीर करावे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. माढा तालुक्यात किमान वर्षभराचा, विद्यावेतनासह, जातीची वा घराण्याची अट नसलेला चर्मकला अभ्यासक्रम सुरू करावा. तिथे जुन्या कारागिरांना शिक्षकाचा पगार द्यावा. कातडे तासण्याबरोबर हिशेब आणि किंमत ठरवणेही शिकवावे. महामंडळाने गावोगाव शिबिरे घेऊन वेणी घालणाऱ्या भगिनींसह प्रत्येकाची नोंद करावी. आणि आमच्या तरुण वकिलांनी अर्ज विनामूल्य भरून द्यावेत. तालुक्यात हे काम करायला आम्ही तयार आहोत. कारागिरांनी फक्त कागद घेऊन यावे.