तोफ रोखणारे हात : १९४६ चे नौसैनिक आणि त्यांचे शस्त्रशिक्षण

१/१६
फेब्रुवारी १९४६. मुंबई बंदरातील रॉयल इंडियन नेव्हीच्या जहाजांवरून ब्रिटिश निशाण उतरले आहे आणि त्याच्या जागी काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट पक्षाचे झेंडे एकत्र फडकत आहेत. तोफांची तोंडे किनाऱ्याकडे वळलेली आहेत. तोफांमागे उभे असलेले बहुतेक जण विशीच्या आसपासचे. या उठावाविषयी सहसा दोनच गोष्टी सांगितल्या जातात : निकृष्ट जेवणामुळे भडकलेली पोरे, किंवा हातची निसटलेली क्रांती. या धाग्यात तिसऱ्या गोष्टीचा विचार आहे : त्या तरुणांना मिळालेले शिक्षण.

२/१६
युद्धापूर्वीचे हे नौदल अगदी लहान होते. ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव त्याला १९३४ मध्ये मिळाले. त्याआधी ते ‘रॉयल इंडियन मरीन’ म्हणून ओळखले जाई. भरती मुख्यतः रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान कुटुंबांतून होत असे. पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी असलेली ही माणसे. बापाच्या मागोमाग मुलगा नौदलात जाई. १९३९ मध्ये नौसैनिकांची संख्या दोन हजारांच्याही आत होती.

३/१६
महायुद्धाने हे चित्र पालटले. युद्ध संपेपर्यंत ही संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली. बंगाल, मद्रास, पंजाब, संयुक्त प्रांत अशा सर्व भागांतून मुले आली. त्यांतील अनेकांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. पण ती शाळा शिकलेली होती. रडार, बिनतारी यंत्रणा आणि नव्या तोफा चालवण्यासाठी नौदलाला वाचता-लिहिता येणारा, आकडेमोड करणारा तरुण हवा होता. भरतीच्या वेळी चांगला पगार, हुन्नराचे शिक्षण आणि पुढील आयुष्याची हमी यांची स्वप्ने दाखवली गेली.

४/१६
त्यांच्यासाठी उभारलेल्या शाळांची नावेच पाहावीत. मुंबईत कुलाब्याला ‘तलवार’ : संदेशवहन. वर्सोव्याला ‘मच्छलीमार’ : पाणबुडीविरोधी युद्ध. लोणावळ्याला ‘शिवाजी’ : यंत्रशिक्षण. ठाण्याजवळ कोलशेतला ‘अकबर’ : नव्या भरतीचे प्राथमिक शिक्षण. जामनगरजवळ ‘वलसुरा’ : टॉर्पेडो. कराचीच्या मनोरा भागात ‘बहादूर’, ‘चमक’ आणि ‘हिमालय’ : अनुक्रमे किशोरवयीन मुलांची शाळा, रडार आणि तोफविद्या. इमारती जमिनीवर असल्या, तरी नौदलाच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक शाळेला ‘जहाज’च म्हणत.

५/१६
तोफविद्येच्या शाळेत मुलगा सर्वांत आधी काय शिके? तोफ कधीही एकट्याची नसते, हे. चार इंची तोफेवर एक जण नळी वर-खाली करी, दुसरा ती डावी-उजवीकडे फिरवी, तिसरा अंतराप्रमाणे दर्शकावरचे आकडे बदली, चौथा मागील झडप उघडी-मिटी, बाकीचे गोळे आणून भरत. एकाचा हात चुकला, की सगळ्यांच्या जिवावर बेतणार. म्हणून तोच क्रम पुनःपुन्हा, अंधारातही हात चुकू नये इथपर्यंत घोटून घेतला जाई.

६/१६
या शिक्षणाचा निम्मा भाग मात्र तोफ न डागण्याचा असतो, हे फारसे कोणी सांगत नाही. गोळा भरला, चाप ओढला आणि बार उडालाच नाही, तर झडप लगेच उघडायची नसते. ठरावीक वेळ थांबायचे असते, कारण बार उशिरानेही उडू शकतो. ‘थांबा’ अशी आज्ञा आली, की गोळा हातात असला तरी जागच्या जागी थांबायचे. नळीसमोर आपले जहाज आले, तर मारा बंद. सबुरी हा इथे सद्गुण नव्हता. ती कवायतच होती.

७/१६
हे शिक्षण कागदावर राहिले नाही. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ‘बेंगाल’ हे छोटे, कोरे करकरीत हिंदी लढाऊ जहाज ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत होते. समोर आली दोन जपानी लढाऊ व्यापारी जहाजे : प्रत्येक सुमारे दहा हजार टनांचे, मोठ्या तोफांनी सज्ज. ‘बेंगाल’वर मोठी म्हणावी अशी तोफ एकच होती, तीही बारा पौंडी. तरी ते शत्रूवर चालून गेले. ‘होकोकु मारू’ हे जपानी जहाज स्फोट होऊन बुडाले आणि दुसऱ्याने माघार घेतली.

८/१६
पुढे ब्रह्मदेशातील आराकान किनाऱ्यावर ‘नर्मदा’, ‘जमुना’ यांसारख्या जहाजांनी जपानी ठाण्यांवर तोफा डागून दोस्त सैन्याची वाट मोकळी केली. म्हणजे १९४६ मध्ये मुंबई बंदरात ज्यांनी तोफांचा ताबा घेतला, ते शस्त्राशी खेळणारे उतावळे नव्हते. त्यांतील कित्येकांनी तोफ माणसाचे काय करते, हे प्रत्यक्ष पाहिलेले होते.

९/१६
युद्ध संपले आणि हिशेब मांडायची वेळ आली. त्याच हुद्द्याच्या गोऱ्या नौसैनिकापेक्षा पगार बराच कमी. डाळीत खडे. ज्या हुन्नराची आशा दाखवली होती, त्याला बाहेर काम नाही. नोकरीतून मोकळे करण्याची प्रक्रिया मात्र सुरू. वर ‘तलवार’वर कमांडर किंग यांची शिवीगाळ. पुढे सरकारी चौकशी आयोगापुढे जेवण, पगार आणि वंशभेदाची वागणूक यांच्याबरोबर भरतीच्या वेळी दिलेल्या खोट्या आश्वासनांची तक्रारही नोंदली गेली. जेवण हे निमित्त होते. मूळ दुखणे मोडलेल्या कराराचे होते.

१०/१६
संप सुरू झाला तो १८ फेब्रुवारीला, ‘तलवार’वर. भिंतींवर ‘चले जाव’च्या घोषणा रंगवल्याबद्दल बी. सी. दत्त हा तारायंत्री आधीच पकडला गेला होता. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग हेही याच शाळेशी संबंधित नौसैनिक. संदेशवहनाच्या शाळेत ठिणगी पडल्याचा परिणाम उघड होता : बिनतारी यंत्रे यांच्याच हाती होती. दोन-तीन दिवसांत बातमी कराचीपासून कलकत्त्यापर्यंत पोहोचली आणि सुमारे वीस हजार नौसैनिक संपात उतरले. साम्राज्याने शिकवलेली विद्या साम्राज्यावरच उलटली होती.

११/१६
२१ तारखेला गोळीबार सुरू झाला. मुंबईतील कॅसल बॅरॅक्सभोवती मराठा पलटणीचा पहारा होता. आतले नौसैनिक बाहेर पडू पाहताच गोळ्या सुटल्या. आतल्यांनी शस्त्रागार उघडून उत्तर दिले. एका बाजूला मराठा जवान, दुसऱ्या बाजूला देशभरातून आलेली मुले आणि दोघांनाही शिकवणारा एकच. हीच जागा आज ‘आयएनएस आंग्रे’ म्हणून, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाते. त्याच दिवशी अॅडमिरल गॉडफ्री यांनी रेडिओवरून धमकावले : नौदल नष्ट झाले तरी बेहत्तर, पण उठाव मोडला जाईल.

१२/१६
कराचीत ‘हिंदुस्तान’ या जहाजाने सैन्याच्या गोळीबाराला खरोखर तोफांनी उत्तर दिले. २२ तारखेच्या सकाळी, ओहोटीने जहाज धक्क्याच्या पातळीखाली गेले असताना, सैन्याने त्यावर तोफा डागल्या. अर्ध्या तासाच्या आत ‘हिंदुस्तान’ शरण आले. अनेक नौसैनिक मेले, जखमी झाले. त्याच दिवशी मुंबईत कामगारांनी हरताळ पाळला. परळमध्ये कमल दोंदे गोळीबारात मारल्या गेल्या. त्या दोन-तीन दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. ती सरकारी गोळ्यांनी.

१३/१६
इथेच एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. मुंबई बंदरातील जहाजांच्या मोठ्या तोफा शहरावर डागल्या गेल्या नाहीत. दारूगोळा होता, निशाणा जवळ होता, संताप होता. यावर आक्षेप असा घेतला जातो, की ती केवळ भीती होती. डोक्यावर लढाऊ विमाने फिरत होती. भीती असणारच. पण भ्यालेला, शिस्त सुटलेला जमाव भरलेल्या तोफेशी असा वागत नाही. तो आधी चाप ओढतो. किनाऱ्यावर आपली माणसे आहेत, हे ओळखून थांबणे हे शिकलेल्या हातांचे लक्षण होते.

१४/१६
२३ तारखेला, सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर, नौसैनिकांनी शरणागती पत्करली. सैन्याची शिस्त बिघडू देता कामा नये, कारण उद्या स्वतंत्र देशालाही सैन्य लागणार आहे, ही पटेलांची भूमिका होती. ती सहज झटकून टाकता येत नाही. शस्त्रधारी लोक आपल्या मताने राज्य उलथू लागले, तर पुढे काय होते, याची उदाहरणे शेजारीपाजारी पुष्कळ सापडतात. पण शिस्त ही एकतर्फी नसते. जो आज्ञा पाळण्याचे वचन घेतो, त्याने दिलेले वचनही मोजले गेले पाहिजे.

१५/१६
ते मोजले गेले नाही. सूडबुद्धीने कारवाई होणार नाही, असा भरवसा पुढाऱ्यांनी दिला होता. तरीही शेकडो जणांना बडतर्फ केले गेले. स्वातंत्र्यानंतर भारताच्या किंवा पाकिस्तानच्या नौदलाने त्यांना परत घेतले नाही. त्यांच्या शाळांची मात्र दोन्ही देशांनी नीट वाटणी केली. ‘हिमालय’ पाकिस्तानकडे राहिली. भारताने तोफविद्येचे शिक्षण कोचीला उभे केले, त्या शाळेचे नाव आज ‘द्रोणाचार्य’ आहे. विद्या दोघांनाही हवी होती. विद्यार्थी कोणालाच नको होते.

१६/१६
कुलाब्यात आता या उठावाचे स्मारक आहे. स्मारक उभारणे सोपे असते. भरतीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाला राज्य काय देऊ करते आणि त्यातले किती पाळते, हा प्रश्न अवघड असतो; आणि तो १९४६ मध्ये संपलेला नाही. मराठीत ‘रोखणे’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : नेम धरणे आणि थांबवणे. त्या पाच दिवसांत त्या तरुणांनी तोफ दोन्ही अर्थांनी रोखली. त्यांना ‘जेवणासाठी भांडलेली पोरे’ म्हणणे हे त्यांच्या शिक्षणाविषयीचे आणि आपल्या इतिहासाविषयीचेही अज्ञान आहे.