स्वतःचा सात-बारा स्वतः वाचण्याचा हक्क



सात-बारा आता तलाठ्याच्या दप्तरात राहिलेला नाही, तो संगणकात गेला आहे. (तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असे सरकारने २०२४ साली ठरवले, पण आपल्या तोंडी अजून तलाठीच बसले आहे.) आठ-अ, फेरफार, पीक पाहणी, पीक विमा, ठिबकचे अनुदान, पी.एम. किसानचा हप्ता, सगळे काही वेबसाईटवर, नाहीतर मोबाईलच्या अॅपवर. हे वाईट झाले असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. एका उताऱ्यासाठी दिवस मोडून तालुक्याला जायचे आणि भाऊसाहेब मीटिंगला गेलेत एवढे ऐकून परत यायचे, हे ज्यांनी केले आहे त्यांना या सोयीची किंमत ठाऊक आहे. पण ही सोय आपल्यातल्या दिव्यांग सभासदांपर्यंत पोचली का, याचा विचार कोणी करताना दिसत नाही. तो इथे मांडायचा आहे.

पूर्वी अपंग म्हणत, आता दिव्यांग म्हणतात. शब्द बदलायला खर्च येत नाही, म्हणून तो लवकर बदलला.

प्रथम एक समजूत काढून टाकू. अंध माणसाला मोबाईल किंवा संगणक वापरताच येत नाही असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. पडद्यावर जे लिहिले आहे ते मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइड मोबाईलमध्ये ‘टॉकबॅक’ नावाने तो बहुधा आधीपासूनच असतो, सेटिंगमध्ये जाऊन फक्त चालू करायचा. संगणकासाठी ‘एन.व्ही.डी.ए.’ नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली तो तयार करायला घेतला, आणि आज तो जगभर चालतो. मराठी वाचणारे आवाजही आता मिळतात. थोड्या सरावाने अंध माणूस बँकेचा व्यवहार करतो, पत्र लिहितो, वर्तमानपत्र ऐकतो.

मग अडते कुठे? अडते ते वेबसाईट बांधणाऱ्याकडे. हा वाचणारा प्रोग्रॅम चित्र पाहत नाही, तो पानामागे लिहिलेला मजकूर वाचतो. बटणाला मागे नाव दिलेले नसेल तर तो नुसते ‘बटण’ म्हणतो. पुढच्यालाही ‘बटण’, त्याच्या पुढच्यालाही ‘बटण’. काट्यासमोर पन्नास गाड्या उभ्या आहेत आणि एकाही गाडीला नंबर नाही, स्लिप नाही, अशी कल्पना करा. काटा चांगला आहे, काटेवालाही हुशार आहे, पण कोणाचा ऊस कोणाच्या नावावर चढवायचा? तशी त्या माणसाची गत होते.

त्यात ते चित्रातले वाकडेतिकडे आकडे. ‘खालील चित्रात दिसणारी अक्षरे भरा’ असे पुष्कळ सरकारी पानांवर येते, त्याला कॅप्चा म्हणतात. यंत्राला वाचता येऊ नये म्हणूनच ते चित्र केलेले असते, तेव्हा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमलाही ते वाचता येत नाही. सोबत ऐकून आकडे भरण्याची किंवा दुसरी काही सोय नसेल तर तिथेच दार बंद. ओटीपी मिनिटा-दोन मिनिटांत भरला नाही तर पान मिटते. डोळस माणसाला ते पुरते; ज्याला ऐकत ऐकत रकाना शोधायचा आहे किंवा ज्याचा हात थरथरतो, त्याला पुरत नाही. ‘लाल रंगातले रकाने भरणे आवश्यक’ असे लिहिलेले असते. लाल-हिरवा भेद न कळणारे लोक आपल्यात आहेत, आणि हा दोष बायकांपेक्षा पुरुषांत बराच अधिक असतो.

मराठीची एक खास अडचण आहे. परिपत्रक, नियम, लाभार्थ्यांची यादी यांची पीडीएफ टाकतात, ती पुष्कळदा कागदाचा फोटो असते. फोटोत अक्षर नसते, नुसता डाग असतो. आणि जिथे टाईप केलेले असते तिथे डी.टी.पी.वाल्याकडचे जुन्या पद्धतीचे मराठी फाँट. ते डोळ्यांना मराठी दिसतात, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात. वाचणारा प्रोग्रॅम ती वाचायला लागला की कोणाला काही अर्थबोध होत नाही. युनिकोड आल्यापासून ही अडचण उरायला नको होती. तरी ती उरली आहे, कारण जुन्या फाँटमध्ये हात बसलेला आहे, दुसरे कारण नाही.

हे फक्त अंधांचे आहे असेही समजू नये. कडबाकुट्टीत, मळणी यंत्रात, गुऱ्हाळाच्या चरकात हात गेलेली माणसे उसाच्या पट्ट्यात गावोगाव आहेत. त्यांना एका हाताने किंवा बोटांशिवाय मोबाईल चालवायचा असतो. बहिऱ्या माणसाला हेल्पलाईनचा नंबर देऊन काय उपयोग? योजनेची माहिती व्हिडिओत सांगितली आणि खाली अक्षरे दिली नाहीत तर त्याला ती मिळालीच नाही. मधुमेहाने नजर अधू झालेले किती आहेत ते आपण जाणतोच; साखर कारखान्याच्या अंकात हा विषय काढणे जरा अवघड, पण खरे ते खरे. मोतीबिंदू पिकायची वाट बघणारे म्हातारे सभासद तर प्रत्येक गटात सापडतील.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. त्यावेळच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. म्हातारपणामुळे अधू झालेला माणूस तर स्वतःला दिव्यांग म्हणवूनच घेत नाही. तेव्हा ‘गावात दोन-चार असतील, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला’ हे म्हणणे टिकत नाही.

आता नेहमीचे उत्तर. ‘घरात पोरं आहेत, सेतू केंद्र आहे, सी.एस.सी.वाला आहे, ते करून देतात की!’ देतात, खरे आहे. पुतण्या करून देतो, जावई करून देतो, केंद्रवाला पैसे घेऊन करून देतो. त्यांच्या चांगुलपणाबद्दल माझी तक्रार नाही. पण हे करून देणे म्हणजे नेमके काय ते जरा उलगडून बघू. आधार नंबर त्याला द्यायचा. बँक पासबुक त्याच्या हातात द्यायचे. मोबाईल त्याच्या हातात, ओटीपी त्याच्या डोळ्यांसमोर. पासवर्ड तोच ठरवणार आणि त्याच्याच वहीत लिहून ठेवणार. पडद्यावर ‘मला वरील अटी मान्य आहेत’ असे येते तिथे टिकली तो मारतो, आणि अटी ज्याला लागू होणार त्याने त्या ऐकलेल्याही नसतात.

आमच्या गटातले एक जुने सभासद आहेत, दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. उसाचा हिशेब अजून तोंडपाठ. कुठल्या सरीत उगवण कमी झाली ते चालत जाऊन पायाने सांगतात. त्यांचे म्हणणे एवढेच, की माझ्या खात्यावर काय आले, माझ्या उताऱ्यावर कोणाचे नाव चढले, बोजा उतरला की नाही, हे मला नेहमी दुसऱ्याच्या तोंडून कळते, आणि तो सांगेल तेवढेच कळते. घरात वाटणीचा वाद निघाला तर? ज्याच्याशी वाद त्यालाच ‘बाबा, माझा फेरफार वाचून दाखव’ म्हणायचे का?

मतदानाच्या यंत्रावर बटणाशेजारी ब्रेल आकडे असतात. ज्याला ब्रेल येते त्याने आपले मत दुसऱ्याला न दाखवता द्यावे म्हणून ते आहेत. मत गुप्त राहावे हे आपण मान्य केले, मग जमीन आणि पैसा यांचे का नाही? कोणाला विचारून बघा, मत उघडे पडलेले चालेल की ओटीपी. मदतनीस असावाच, पण तो ज्याला हवा त्याला असावा, नाइलाज म्हणून नसावा.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांना वाटते ही दयेची मागणी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सेवा देणारा सरकारी असो की खाजगी, त्याने नियमांप्रमाणे ती सेवा दिव्यांगांना वापरता येईल अशी केली पाहिजे, आणि नियम निघाल्यापासून दोन वर्षांत, असे त्यात आहे. नियम जून २०१७ मध्ये निघाले. म्हणजे मुदत २०१९ सालीच संपली. कायद्याचा भंग केल्यास पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड आहे. सरकारी वेबसाईट कशी असावी याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ साली आली. तेव्हा काय करायचे हे माहीत नव्हते असे कोणालाही म्हणता येणार नाही.

तरी काम का झाले नाही? सुप्रीम कोर्टाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात याचे एक कारण दाखवले. रतुरी स्वतः दृष्टिबाधित. त्यांचा अर्ज २००५ सालचा. कायदा म्हणतो केलेच पाहिजे, आणि सरकारच्या नियमाची भाषा मात्र शिफारशीची, म्हणून तो पंधरावा नियम कोर्टाने कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करायला सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी आणखी एक निकाल आला. के.वाय.सी.साठी मोबाईलसमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात, ते ॲसिड हल्ल्यात चेहरा व डोळे गेलेल्यांना आणि अंधांना जमत नाही, अशी तक्रार होती. कोर्टाने वीस निर्देश दिले, उघडझापीशिवाय दुसरा मार्ग ठेवायला सांगितले, आणि संगणकावरच्या सेवा मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे स्पष्ट म्हटले. उसाची पाचट ओढून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले आहेत आणि ज्यांचा अंगठा यंत्र घेत नाही, त्यांनीही हा निकाल समजून घ्यावा.

राहिला खर्च. हा मुद्दा जुनाच आहे. २००० साली सिडनीत ऑलिंपिक झाले, त्याची वेबसाईट अंधांना वाचता येत नाही अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थाने तिथल्या मानवी हक्क आयोगाकडे आदल्याच वर्षी केली होती. संयोजन समितीचे म्हणणे, खर्च आणि वेळ भयंकर लागेल. तज्ज्ञांनी साक्षीत सांगितले की समिती सांगते त्याच्या मानाने काम फारच थोडे आहे. आयोगाने समितीचे म्हणणे मानले नाही. तरीही काम पुरते झाले नाही, तेव्हा समितीला २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. बटणाला नाव देणे, चित्राखाली दोन ओळी लिहिणे, अक्षर आणि पाठीमागचा रंग यांत पुरेसा फरक ठेवणे, यात अवघड काय आहे? मात्र ते सुरुवातीलाच करायला हवे. लागणीआधी सऱ्या पाडतानाच पाईप टाकला तर काम एका दिवसाचे. ऊस कमरेएवढा झाल्यावर चर खणायला गेलो तर पीकही तुडवले जाते आणि मजुरीही दुप्पट होते.

यात एक पळवाटही निघाली आहे. वेबसाईटच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचे चित्र लावायचे, अक्षर लहान-मोठे करायची पट्टी विकत आणून डकवायची, की झाली म्हणे वेबसाईट दिव्यांगांसाठी तयार. आतली बटणे बिननावाची ती बिननावाचीच. अमेरिकेत अशी पट्टी विकणाऱ्या एका कंपनीला खोटे दावे केल्याबद्दल तिथल्या व्यापार आयोगाने २०२५ साली दहा लाख डॉलर भरायला लावले. टेंडर काढणाऱ्या साहेबांनी हे ध्यानात ठेवावे.

खरी परीक्षा सोपी आहे. मोबाईलवर टॉकबॅक लावा, डोळ्यांना पंचा बांधा आणि आपलाच सात-बारा काढून बघा. संगणकावर असाल तर माऊस बाजूला ठेवून नुसत्या कळफलकावर फॉर्म भरून बघा. जमले नाही तर कुठल्या पायरीला अडले ते लिहून ठेवा. वेबसाईट चालवणाऱ्या खात्याला लेखी कळवता येते, आणि दाद मिळाली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथे तक्रार करता येते. नुसते ‘वेबसाईट चालत नाही’ असे लिहू नये. तारीख, पान आणि अडलेले ठिकाण लिहावे.

सरकारला सांगताना आपल्या घरात काय आहे तेही बघू. वजनाचा एस.एम.एस. ही आपल्याकडची चांगली गोष्ट आहे, साधा मजकूर असल्याने मोबाईल तो वाचून दाखवतो. पण उसाच्या दराचे पत्रक आणि तोडणीचा कार्यक्रम व्हॉट्सअॅपवर फोटो काढून टाकतात, तो अंध सभासदाला कोरा कागद. तोच मजकूर खाली टाईप करून टाकायला चिटबॉयला पाच मिनिटे लागतील. या अंकाची फाईलही युनिकोडमध्ये निघावी, म्हणजे हा लेख ज्यांच्यासाठी लिहिला त्यांना तो ऐकता येईल.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे दोन विषय ठेवण्यासाठी मी लेखी सूचना देणार आहे. पहिला, कारखान्याची सगळी पत्रके, नोटिसा आणि अहवाल वाचून दाखवता येतील अशा मजकुरात निघावेत. दुसरा, महसूल व कृषी खात्याच्या वेबसाईटी आणि अॅपे दिव्यांग शेतकऱ्यांकडून तपासून घ्यावीत, असा सभेचा ठराव शासनाकडे जावा. ज्या सभासदांना सूचनेवर अनुमोदक म्हणून सही करायची आहे त्यांनी आपापल्या गट ऑफिसात नाव आणि सभासद क्रमांक द्यावा. ज्यांना स्वतः अडचण येते त्यांनी ती तोंडी सांगितली तरी चालेल, लिहून घेण्याची व्यवस्था करू.

— एक सभासद