निवृत्तीची शिल्लक आणि पायांतले बळ

राज्य सरकारच्या कचेरीतील कारकून किंवा शाळेतील शिक्षक वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, तेव्हा त्याच्याजवळ एक चोख हिशेब तयार असतो. निधीत किती साठले, उपदान किती मिळेल, शिल्लक रजेचे किती, घराच्या कर्जाचे हप्ते किती उरले, हे सारे त्याने वर्षभर आधीपासून कागदावर मांडून ठेवलेले असते. पुढची वीस-पंचवीस वर्षे ज्या पायांवर काढावयाची, त्या पायांची शिल्लक मात्र या हिशेबात कोठेच आढळत नाही. खुब्याचे हाड एकदा मोडले आणि शस्त्रक्रिया, शुश्रूषा व अंथरुण यांत वर्ष गेले, की कागदावरची पहिली रक्कम किती झपाट्याने वितळते, याचा अनुभव मध्यमवर्गातील फार थोड्या कुटुंबांना नसेल.

अर्थशास्त्रात घसारा नावाची एक कल्पना आहे. यंत्र वापरले की झिजते, म्हणून त्याच्या किमतीतून दरवर्षी काही रक्कम वजा करावी लागते. शरीराचे स्नायू या नियमाला जुमानत नाहीत. ते न वापरल्याने झिजतात. तिशीनंतर केव्हातरी स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. स्नायूंच्या आकारापेक्षा त्यांतील बळ अधिक लवकर ओसरते, ही त्यातली खरी अडचण. आरशात माणूस तसाच दिसतो. पण खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, बसच्या पायरीवर चढताना दांडी घट्ट धरावी लागते. हे ‘वयोमानाने व्हायचेच’ असे म्हणून सोडून दिले जाते. वयाचा त्यात भाग आहे, हे खरे. पण बसून राहण्याचा भाग त्याहून लहान नाही आणि तो माणसाच्या हातचा आहे.

आपल्याकडे व्यायाम हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे येते ती तालीम: लाल माती, जोर-बैठका, मुद्गल, मल्लखांब. ही परंपरा अभिमानास्पद खरीच, पण ती तरुणांची आणि बहुतांशी पुरुषांची. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला तिच्यात स्थान असेल तर ते वस्तादाचे, तेही ओट्यावर बसून. इतरांनी ‘आता हरी हरी करीत बसावे’, अशीच समाजाची अपेक्षा; आणि या वाक्यातील ‘बसावे’ हे क्रियापद दुर्दैवाने फार मनावर घेतले गेले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे या बाबतीत मोठे अपवाद होत. सूर्यनमस्कार त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सक्तीचे केले, स्त्रियांनीही ते घालावेत असा आग्रह धरला आणि स्वतः वृद्धपणीही ते सोडले नाहीत. साधन काही लागत नाही, जागा सतरंजीएवढी पुरते, खर्च शून्य, हे त्यांचे मुद्दे आजही कोणास खोडता येणार नाहीत. पुढे तालमीची जागा यंत्रांनी भरलेल्या वातानुकूलित ‘जिम’ने घेतली, तिचे मासिक शुल्क पाहिले की निवृत्त माणसाला व्यायाम ही आपली गोष्ट नव्हे, याची आणखी एकवार खात्री पटते.

आरोग्याला आखाडाही लागत नाही आणि यंत्रेही लागत नाहीत, दिवसभराची साधी हालचालच पुष्कळ काम करते, हे प्रथम ठसठशीतपणे दाखवून दिले ते लंडनच्या दुमजली बसगाड्यांनी. जेरी मॉरिस या डॉक्टरने आपल्या सहकाऱ्यांसह तेथील वाहतूक-संस्थेच्या हजारो नोकरांचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ड्रायव्हर आणि कंडक्टर हे एकाच सामाजिक थरातले, एकाच गाडीवर राबणारे. फरक एवढाच की ड्रायव्हर कामाच्या वेळेपैकी सुमारे नव्वद टक्के वेळ बसून असे, तर कंडक्टर तिकिटे देत दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. कंडक्टरांत हृदयाच्या रोहिणींचा विकार ड्रायव्हरांपेक्षा सुमारे तीन-दशांशाने कमी आढळला, आणि ज्यांना झाला त्यांनाही तो सौम्य स्वरूपाचा होता. यावर शंका निघाली ती रास्तच होती: मुळात स्थूल माणसेच ड्रायव्हरची नोकरी पत्करीत असतील तर? मॉरिसने गणवेशाच्या विजारींची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच अधिक रुंद निघाल्या. तेव्हा शंकेत तथ्य होते. परंतु टपाल खात्यात पायी व सायकलवर हिंडणारे पोस्टमन आणि खुर्चीवर बसणारे कारकून यांची तुलना केली तरी कौल त्याच दिशेचा आला, आणि त्यानंतरच्या सात दशकांत निरनिराळ्या देशांतील अभ्यासांनी तो उलटविलेला नाही. मॉरिस स्वतः १९१० साली जन्मले आणि २००९ साली, शंभरीला काही महिने उरले असता, वारले. एका माणसाच्या आयुष्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे त्यांनीच प्रथम सांगितले असते.

मुंबईत दुमजली बस १९३७ साली आली आणि ‘बेस्ट’च्या जुन्या दुमजली गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. मधल्या शहाऐंशी वर्षांत त्यांचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना आपण व्यायाम करीत आहोत, असे कधी वाटलेही नसेल. त्याच बसने कचेरीत जाणारा कारकून मात्र तेथे दिवसभर बसे, आणि बसतो.

मग किती चालावे? दहा हजार पावले, असे उत्तर अलीकडे सर्वतोमुखी झाले आहे. या आकड्याचे मूळ वैद्यकात नाही, बाजारात आहे. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीला आले; त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव सुटसुटीत होते, खपले, आणि त्याचा दंडक बनला. हा दंडक ऐकून सत्तरीतील माणूस बहुधा पहिल्याच दिवशी नाद सोडतो. २०१९ साली अमेरिकेतील सुमारे सतरा हजार वृद्ध स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांचे सरासरी वय बहात्तर होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. पुढे ते आणखी घटत गेले आणि ७,५०० च्या आसपास थांबले. ज्यांची प्रकृती चांगली त्याच अधिक चालतात, हा भाग वगळावा लागेल; तरी घटत्या उपयोगितेचा नियम येथे पाठ्यपुस्तकातल्यासारखा उमटलेला दिसतो. पहिल्या वीस मिनिटांचे मोल सर्वांत जास्त. जो अजिबात चालत नाही त्याला पहिली पावलेच सर्वाधिक फळ देतात, आणि जो आधीच तासभर चालतो त्याने आणखी तास चालून फारसे पदरात पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला किमान दीडशे मिनिटांच्या मध्यम श्रमाची शिफारस केली. आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास, एवढाच तिचा अर्थ. चालण्याचा वेग ओळखण्याची खूणही सोपी आहे: सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. छातीत दुखत असेल, थोड्या श्रमानेही दम लागत असेल, तर आधी डॉक्टरला विचारणे अर्थातच आवश्यक.

आपल्याकडच्या चालणाऱ्यांचा एक गैरसमज येथे दूर करावयास हवा. सकाळी टेकडीवर किंवा बागेत फेरी मारली की कर्तव्य संपले, असे ते समजतात. चालण्याने हृदय व फुप्फुसे यांचे काम होते; पण मांड्यांचे बळ आणि शरीराचा तोल यांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते, आणि वृद्धाला खाली पाडते ते या दोहोंची उणीव. म्हणूनच त्याच संघटनेने पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व बळ यांचे व्यायाम सुचविले आहेत. या वयात बळ वाढते काय, असे कोणी विचारील. १९९० साली बॉस्टनमधील एका शुश्रूषागृहात सरासरी नव्वद वर्षांच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे मांड्यांनी वजन उचलण्याचा व्यायाम करविला गेला. एकाने मध्येच सोडला. उरलेल्या नऊजणांच्या पायांचे बळ सरासरीने अडीच पटींहून अधिक झाले. प्रयोग लहान होता, पण ‘आता वय झाले’ या वाक्याचा आधार त्याने काढून घेतला. न्यूझीलंडमध्ये ऐंशी वर्षांवरील वृद्धांना घरच्या घरी पायांचे व तोलाचे व्यायाम शिकविले गेले. त्यामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने उतरले.

या व्यायामांना लागते काय? हात न टेकता खुर्चीवरून उठणे आणि पुन्हा सावकाश बसणे, असे दहा वेळा. स्वयंपाकघराच्या ओट्याला हात लावून एका पायावर उभे राहणे. पुढे हात सैल सोडणे. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे. उद्वाहक असला तरी एक-दोन मजले जिन्याने चढणे. मंडईतून भाजीच्या दोन पिशव्या दोन्ही हातांत सारख्या भाराने आणणे. आणि जमिनीवर मांडी घालून बसून उठणे. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व आपल्याला परदेशी अभ्यासाने सांगावे, हा एक विनोदच म्हणावयाचा. ब्राझीलमध्ये एक्कावन्न ते ऐंशी वयाच्या सुमारे दोन हजार लोकांना जमिनीवर बसून शक्यतो आधाराशिवाय उठावयास सांगण्यात आले. ज्यांना हात-गुडघे फार टेकावे लागले त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण पुष्कळ अधिक होते, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. मराठी घरात दोन पिढ्यांपूर्वी हे उठणे-बसणे पंगतीपासून पूजेपर्यंत दिवसातून वीसदा होत असे. टेबल, सोफा आणि पाश्चात्त्य पद्धतीचे शौचकूप यांनी ते संपविले. ज्यांचे गुडघे खरोखर गेले आहेत त्यांना या सोयी हव्याच. परंतु चाळिशीतल्या माणसाने जेवणाचे टेबल घेताना आपण काय विकत आहोत, याचाही विचार करावा. साठीनंतर गुडघ्यांना ती सवय नव्याने लावणे जड जाते.

स्त्रियांचा प्रश्न याहून निराळा आहे. ‘घरकामात व्यायाम होतोच,’ असे त्यांना सांगितले जाते आणि सांगणारा बहुधा आरामखुर्चीत असतो. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया देशात त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. असे काम करणारे पुरुष ८८. ओट्याशी दोन तास उभे राहण्याने कंबर दुखते, पण हृदयाची गती वाढत नाही आणि मांड्यांचे बळही फारसे वाढत नाही. त्या २८९ मिनिटांनंतर चालावयास जाण्यासाठी जी तीस मिनिटे लागतात, ती कोठून यावीत? २०२२ च्या एका जागतिक अंदाजानुसार भारतातील प्रौढांपैकी सुमारे निम्मे पुरेशी हालचाल करीत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण बेचाळीस टक्के, स्त्रियांत सत्तावन्न. या पंधरा टक्क्यांच्या फरकाला आळस हे नाव देणे अन्यायाचे होईल. निवृत्त नवऱ्याने सकाळचा चहा आणि भाजी चिरणे अंगावर घेतले, तर त्याच्याही हाता-पायांना काम मिळेल आणि तिलाही अर्धा तास.

पण वेळ काढून माणूस दाराबाहेर पडला तरी चालणार कोठे? भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नको. ही उंची सत्तरीतल्या गुडघ्यांचा विचार करूनच ठरविली असावी. आपल्या शहरांतले कित्येक पदपथ मात्र जणू पोलिसभरतीच्या चाचणीसाठी बांधलेले असतात. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी-धोरण मंजूर केले. जंगली महाराज रस्त्यावर त्याचे चांगले दर्शन घडते, गल्लीबोळांत घडत नाही. पदपथ अडविण्याचा दोष नेहमी फेरीवाल्याच्या माथी मारला जातो. परंतु तासन्तास उभ्या केलेल्या मोटारी व दुचाक्या त्याहून अधिक जागा अडवितात आणि त्यांचे मालक पोटासाठी तेथे उभे नसतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरता येण्याजोगा पदपथ हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. पदपथ ही अर्थशास्त्रीय भाषेत सार्वजनिक वस्तू होय. ती बाजार पुरवीत नाही, कोणा एकाने विकत घ्यावी अशीही ती नाही. प्रकृती सांभाळा, असा उपदेश नागरिकाला करणाऱ्या शासनाने आपल्या वाट्याचा हा खर्च आधी केला पाहिजे.

पदपथ सुधारण्यास वर्षे लागतील. तोवर एक उपाय हाताशी आहे. प्रत्येक वस्तीत शाळा आहे आणि बहुतेक शाळांना लहानमोठे सपाट मैदान आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा आदेश काढला. तेव्हा जेथे फक्त प्राथमिक शाळा भरते तेथे सहा ते आठ या वेळात मैदानाला कुलूप लावण्याचे कारण उरत नाही. मुख्याध्यापकांच्या अडचणी खऱ्या आहेत. फाटक कोण उघडणार, कचरा कोण काढणार, नळ कोणी तोडला तर भरपाई कोण देणार? यासाठी शिपायाचे दोन तासांचे जादा वेतन लागेल. ते महापालिकेने द्यावे. आणि तिने हात आखडला तर सकाळी फेऱ्या मारणाऱ्या चाळीस-पन्नास निवृत्तांनी महिन्याकाठी थोडी वर्गणी काढली तरी भागेल. कडेला दोन बाकडी आणि उठण्या-बसण्याच्या व्यायामासाठी पाठीच्या चार भक्कम खुर्च्या हव्यात. त्या बहुतेक शाळांच्या शिक्षक-खोलीत आधीच आहेत.