सातवे पाऊल मैत्रीचे

सप्तपदीतील सातवे पाऊल मैत्रीचे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही, सप्तपदीने होणारा विवाह याच पावलावर पूर्ण मानला. मग पत्नीने शब्द गिळला की सोशिकपणा आणि पतीने अबोला धरला की करारीपणा, हे कोणते संस्कार? संसार मोडला की पाश्चात्त्यांकडे बोट दाखवणे सोपे. पण आपल्याच माजघरातील मौनाचे काय? न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा, असे १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याला सांगावे लागले. समुपदेशकापुढे घडवावा लागणारा संवाद वेळीच घरात का घडू नये? राग स्पष्ट सांगावा, टोमणा मारू नये. समोरच्याचे बोलणे पुरते ऐकावे. मैत्रीत धाक नसतो. जेथे पत्नी निर्भयपणे 'नाही' म्हणू शकते, तेथेच सातवे पाऊल खऱ्या अर्थाने पडले.