आधी तपास, मग पाना

पावसाळा सरत आला की भंडारा जिल्ह्यातल्या गॅरेजांसमोर जुन्या फोर-बाय-फोर गाड्या उभ्या राहू लागतात. रोवणीच्या दिवसांत खत आणि मजूर घेऊन पांदणीतून फिरलेल्या महिंद्राच्या जीप, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींकडच्या रस्त्यांवर झिजलेल्या कमांडर, पिटेझरी आणि पवनीच्या गेटांवर सफारी सुरू होण्याआधी ठणठणीत व्हायला हव्यात अशा जिप्सी. मालकाची तक्रार एका वाक्याची असते आणि आपल्या धंद्यातले उत्तरही एका वाक्याचे असते : ‘ठेवून जा, खोलून बघतो.’ या उत्तरापायी मालकाचे पैसे, मिस्त्रीचे दिवस आणि गाडीचे आयुष्य वाया जाते, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुन्या फोर-बाय-फोरचा दोष शोधायची खरी जागा म्हणजे ती रात्रभर जिथे उभी असते ते अंगण. बराचसा तपास मालकाने घरी करावा, आणि तो कसा करायचा हे त्याला शिकवण्याचे काम आपण मिस्त्रींनी अंगावर घ्यावे.

याचे पहिले कारण असे की जुन्या गाडीतले बरेच दोष ठरावीक परिस्थितीतच दिसतात आणि गाडी गॅरेजला पोहोचेपर्यंत ती परिस्थिती उरलेली नसते. सकाळी सुरू व्हायला त्रास देणारी डिझेल जीप घ्या. टाकी खाली आणि पंप वर असल्यामुळे लाइनमधल्या एखाद्या ढिल्या वॉशरमधून किंवा भेगाळलेल्या पायपातून रात्रभर हवा आत शिरते आणि डिझेल मागे उतरते. बाहेर थेंबही गळत नाही, कारण तिथे ओढ आतल्या दिशेने असते. मालक सकाळी सेल्फ मारमारून बॅटरी बसवतो, शेवटी ढकलून गाडी सुरू करतो आणि लाखांदूरहून किंवा मोहाडीहून गॅरेजला आणतो. तिथे इंजिन गरम, लाइन भरलेली, आणि गाडी पहिल्या चावीला सुरू होते. मिस्त्रीला दोष दिसलेलाच नसतो, म्हणून अंदाजाने इंजेक्टर निघतात, मग पंप निघतो, आणि दोन रुपयांचे तांब्याचे वॉशर जागच्या जागी राहते. हाच तपास अंगणात दहा मिनिटांचा आहे. सकाळी सेल्फ मारण्याआधी फीड पंपाचा हातपंप दाबून लाइन भरावी. मग गाडी लगेच सुरू झाली तर दोष हवेचा. पंपाआधीच्या पायपाच्या जागी पारदर्शक नळी बसवली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. हातपंपाने फरक पडत नसेल तर पुढचा प्रश्न इंजिनाचा : प्युजोच्या जुन्या एक्सडीपी इंजिनाला थंडीत ग्लो प्लग लागतातच, आणि चारातले दोन मेले तरी सकाळचा त्रास जवळपास असाच दिसतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या एमडीआयचे निदान या वाटेने करू गेले तर फसगत होते. इंजिन फिरतेच आहे पण आळसटल्यासारखे, अशी तक्रार असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर दोष अर्थिंगच्या पट्टीचा. ही पट्टी गंजते, आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीत लवकर गंजते.

पाण्याची गोष्ट तर या जिल्ह्यासाठी आणखी महत्त्वाची. वैनगंगेचा आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांचा हा मुलूख, त्यात तलाव आणि धानाच्या बांध्या. गरम झालेला ॲक्सल नाल्याच्या पाण्यात उतरतो तेव्हा आतली हवा थंड होऊन आकसते. ब्रीदर उघडा असेल तर बाहेरची हवा आत येते आणि काही बिघडत नाही. पण मोरांड मातीचा चिखल ब्रीदरवर वाळून बसला असेल तर तीच ओढ ऑइल सीलच्या ओठातून पाणी आत घेते. काही आठवड्यांनी डिफरन्शियल गुणगुणू लागतो आणि ‘बेअरिंग गेले’ असा निकाल लागतो. बेअरिंग खरोखर गेलेलेही असते. ते बदलले जाते, सील बदलले जाते, ब्रीदरकडे कुणी पाहत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात तेच बिल पुन्हा निघते. ही साखळी तोडणारा पुरावा फक्त उभ्या गाडीत मिळतो. रात्रभर स्थिर राहिलेल्या ॲक्सलमध्ये पाणी तळाला बसते. ड्रेन बोल्ट असेल तर सकाळी तो जरासा सैल केला की तेलाआधी पाण्याचे थेंब येतात. तीच गाडी भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर चालवत नागपूरला नेली तर पाणी आणि तेल घुसळून दुधाळ होते, आणि थोडेच पाणी असेल तर गडद जुन्या तेलात ते ओळखूही येत नाही.

आता फोर-बाय-फोरची खास तक्रार : ‘फोर-व्हील लागली की निघत नाही, लिव्हर अडकते.’ ही ऐकली की ट्रान्सफर केस उतरवण्याकडे हात जातो. पण या जुन्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतो, म्हणजे फोर-व्हील लागल्यावर दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरणार. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या कमानीवरून जातात. चिखलात हा फरक चाके घसरून फेडतात. राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या कोरड्या डांबरावर तो फेडायला जागा नसते आणि ताण गिअरच्या दातांत साठत जातो. लिव्हर त्या ताणाने अडकते, आणि गाडी थोडी सरळ मागे घेतली की बहुधा सुटते. डांबरावर फोर-व्हील न वापरणाऱ्याचीही लिव्हर अडकते तेव्हा आधी टायर मोजावेत. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर घालण्याची सवय सर्रास आहे. चाकाच्या फिरण्याच्या त्रिज्येत नुसता एक सेंटिमीटर फरक, म्हणजे ३५ ऐवजी ३४, असला तर दर फेऱ्याला सहा सेंटिमीटरहून जास्त आणि दर किलोमीटरला सुमारे २९ मीटरचा फरक पडतो. तेवढे अंतर कोणत्या तरी टायरला घसरूनच भरून काढावे लागते. हे पाहायला खडू आणि मोजपट्टी पुरते : चारही टायरांत सारखी हवा भरावी, सपाट कडक जमिनीवर खुणेपासून दहा फेरे गाडी सरळ चालवावी आणि चारही चाकांची अंतरे मोजावीत. फरक निघाला तर ट्रान्सफर केसला हात लावण्याची वेळ अजून आलेली नाही. उलट तक्रारीतही, ‘फोर-व्हील लागते पण पुढची चाके ओढत नाहीत’ असे कुणी म्हणाला तर, पुढच्या हबचे लॉक फिरवून पाहिल्याशिवाय पाना उचलू नये.

हा विचार आम्ही नव्याने काढलेला नाही. जी गाडी महिंद्राच्या या जीपची मूळ आई, त्या विलीज जीपसाठी अमेरिकी सैन्याने फेब्रुवारी १९४४ मध्ये टीएम ९-८०३ हे मॅन्युअल काढले. त्यात देखभालीची पहिली पायरी चालकाची आहे : निघण्याआधी, चालताना, थांब्यावर आणि परतल्यावर काय पाहायचे ते त्याला नेमून दिले आहे. खोल दुरुस्ती वरच्या पायरीवरच्या कार्यशाळेची. गाडीबरोबर जो असतो त्यालाच तिचे लक्षण दिसते, हे युद्धाच्या घाईतही त्या सैन्याने मानले होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा त्याच घराण्यातल्या जीप मुंबईत जोडू लागली. जीपबरोबरची ही कामाची वाटणी मात्र आपल्या गॅरेजांत रुजली नाही, आणि पुढे मालक चावी देऊन निघून जाणारा ग्राहक झाला.

अनुभवी मिस्त्री यावर म्हणतील की आमच्या कानाला सगळे कळते. कानाची किंमत आम्हाला पूर्ण मान्य आहे. पण कानालाही आवाज व्हावा लागतो, आणि तो कशाने बदलतो हे माहीत असावे लागते. रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्यावर बदलणारी घरघर जाड नक्षीच्या टायरची, ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्याने बदलणारी डिफरन्शियलची, वळण घेताना वाढणारी चाकाच्या बेअरिंगची. हे तीन भेद मालक आठवडाभर रोजच्या रस्त्यावर टिपू शकतो. मिस्त्रीला चाचणीसाठी दहाच मिनिटे मिळतात. साठ-सत्तरच्या वेगाला थरथरणाऱ्या स्टिअरिंगचेही तसेच. अशा गाडीला बहुतेक वेळा नवा स्टिअरिंग डॅम्पर बसतो आणि दोष काही महिने झाकला जातो. पुढचे चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. प्ले दिसला तर सोबत्याने ब्रेक दाबून धरावा. प्ले गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. लाखनी तालुक्यात गडेगावला ट्रकचे गिअरबॉक्स बनवणारा अशोक लेलँडचा कारखाना आहे. मापाने काम करणारी माणसे या जिल्ह्याला परकी नाहीत. मग जीपच्या बाबतीतच अंदाज का चालवून घ्यावा?

सुरक्षेचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो आम्ही हलक्याने घेत नाही. घरी गाडीखाली शिरणारा माणूस मरू शकतो, आणि जुन्या फोर-बाय-फोरमध्ये धोक्याची काही कारणे साध्या कारमध्ये नसणारी आहेत. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला, शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे हवेतले चाक एका दिशेला आणि जमिनीवरचे दुसऱ्या दिशेला फिरू शकते, शाफ्ट न हलता. म्हणजे हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतानाही गाडी जॅकवरून घरंगळते. गाडी गिअरमध्ये ठेवली तरी हाच प्रकार. क्रॉस बदलण्यासाठी मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक उरतच नाही. ट्रान्सफरची लिव्हर न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरने धरलेली गाडीही मोकळी असते. फोर-व्हील लावून एकच चाक उचललेले असताना कुणी इंजिन सुरू करून क्लच सोडला तर बाकीची चाके गाडीला जॅकवरून खाली ओढतात. आणि पावसानंतरच्या अंगणातल्या मऊ मातीत जॅक हळूहळू रुततो, हे कामाच्या नादात लक्षात येत नाही. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, जॅकखाली जाड फळी, चेसिसखाली घोड्या, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही, कधीही नाही. हे नियम पाळणे जमत नसेल त्याने गाडी उचलूच नये. वर सांगितलेल्या तपासांपैकी चाक हलवून पाहण्याचा सोडला तर बाकीचे गाडी न उचलता होतात. घरच्या कामाची सीमाही आम्ही इथेच आखतो : ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, किंगपिनच्या शिम, डिफरन्शियलच्या दातांची जुळणी आणि डिझेल पंप हे गॅरेजचे काम. क्रॉस घरी बदलायचाच असेल तर शाफ्टच्या दोन्ही भागांवर आधी खूण करावी. सरकत्या सांध्यात एक दात चुकला तरी नव्या क्रॉससकट गाडी थरथरते, आणि मग नसलेला दोष शोधण्यात आठवडा जातो.

काहींचे म्हणणे असेल की एवढा खटाटोप कशाला, गाडी भंगारात द्यावी. १५ वर्षांपुढच्या खासगी चारचाकीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, त्यामागचा सरकारचा रोख उघड आहे. जुने डिझेल इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर सोडते, हेही नाकारता येत नाही. पण पांदणीत आणि नाल्यात काम करणारी, चेसिस शाबूत असलेली गाडी बाद करण्याआधी तो धूर कोंदलेल्या एअर फिल्टरचा, बिघडलेल्या इंजेक्टरचा की खरोखर म्हाताऱ्या इंजिनाचा, हे तरी ठरवावे. चेसिसच सडलेली असेल तर मालकाला तसे तोंडावर सांगणे हाही तपासाचाच भाग आहे, आणि तिथे आम्ही भंगाराच्याच बाजूचे आहोत.

उरतो पोटाचा प्रश्न. मालक घरी तपास करू लागला तर गॅरेजने खायचे काय? आज आपण तपासाचे पैसे घेत नाही, खोलण्या-जोडण्याचे आणि सुट्या भागांचे घेतो. त्यामुळे दोन रुपयांचे वॉशर शोधून काढणाऱ्या मिस्त्रीला पंप उतरवणाऱ्यापेक्षा कमी मिळते, आणि ही उलटी मजुरी आपणच चालू ठेवली आहे. बिलाच्या पहिल्या ओळीत ‘तपासणी’ लिहून तिचा वेगळा दर लावावा, आणि मालकाने घरचा तपास लिहून आणला असेल तर त्या दरात सूट द्यावी. सुरुवातीला घासाघीस होईल, एखादा ग्राहक शेजारच्या गॅरेजलाही जाईल. पण दुसऱ्यांदा तेच बेअरिंग बदलायला लागलेला माणूस परत येतो आणि तपासाचे पैसे देतो. मालकाने काय लिहून आणावे याचा एक पानी नमुना आम्ही पुढच्या अंकात छापणार आहोत : दोष थंड इंजिनात की गरम, कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, टू-व्हीलमध्ये की फोर-व्हीलमध्ये, पाण्यातून गेल्यावर किती दिवसांनी, सकाळी खाली डाग कुठे आणि कोणत्या रंगाचा. ते पान कापून काउंटरवर ठेवावे आणि आपल्या भागातल्या गाड्यांप्रमाणे त्यात भर घालून आम्हाला कळवावी.