विश्लेषण : चार सेकंद, पाच गोळ्या... पिस्तूल नेमबाजीत वेग आणि अचूकतेचा सराव नेमका कसा होतो?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ३ ऑगस्ट २०२४ रोजी मनू भाकरचे तिसरे पदक अवघ्या एका गोळीने हुकले. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या अंतिम फेरीत मनू आणि हंगेरीची व्हेरोनिका मेजर यांची २८ वेधांवर बरोबरी झाली. पाच गोळ्यांच्या शूट-ऑफमध्ये मेजरने चार वेध घेतले, मनूने तीन. त्याआधी १० मीटर एअर पिस्तूलमध्ये मनूने वैयक्तिक आणि सरबज्योत सिंगसह मिश्र सांघिक अशी दोन कांस्यपदके मिळवली होती. दोन्ही प्रकारांत पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते, मग २५ मीटरवर एवढे वेगळे काय असते? अंतर वाढते, पिस्तूल बदलते, पण खरा फरक घड्याळाचा आहे. या घड्याळाशी जुळवून घेण्यासाठी नेमबाज जो सराव करतात, तो बाहेरून दिसतो तसा ‘भराभर गोळ्या झाडण्याचा’ नसतो.

घड्याळ किती कडक असते?

एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत ६० गोळ्यांसाठी ७५ मिनिटे मिळतात. म्हणजे एका गोळीमागे सरासरी सव्वा मिनिट. नेम जमला नाही तर हात खाली घ्या, श्वास घ्या, पुन्हा उचला. कुणी घाई करत नाही.

महिलांच्या २५ मीटर पिस्तूलमध्ये ६० पैकी पहिल्या ३० गोळ्या निवांत असतात. पाच-पाच गोळ्यांच्या मालिका आणि प्रत्येक मालिकेला पाच मिनिटे. उरलेल्या ३० गोळ्यांत मात्र हिरवा दिवा फक्त तीन सेकंद लागतो, त्यात एकच गोळी. नंतर सात सेकंद लाल दिवा. त्या वेळात हात खाली, तिरक्या तयारीच्या स्थितीत न्यावाच लागतो. पुन्हा हिरवा, पुन्हा एक गोळी.

पुरुषांचा २५ मीटर रॅपिड फायर प्रकार याहून निर्दयी. समोर पाच लक्ष्ये शेजारी शेजारी, प्रत्येकावर एकेक गोळी. आधी आठ सेकंदांत पाच, मग सहा सेकंदांत पाच आणि शेवटी चार सेकंदांत पाच. दिवा बदलल्यावर सुटलेली गोळी कितीही मध्यावर बसली तरी उपयोग नाही.

वेगात नेम चुकतो तो कुठे?

येथे थोडे गणित लागते. पिस्तुलाची मागची खाच आणि पुढची साइट यांत २२ सेंटिमीटर अंतर धरू. खाचेच्या तुलनेत पुढची साइट अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी २५ मीटरवर गोळी साडेपाच सेंटिमीटरहून अधिक भरकटते. कारण हा कोनाचा दोष आहे आणि तो अंतरागणिक वाढत जातो. उलट दोन्ही साइट एका रेषेत ठेवून अख्खा हातच एक सेंटिमीटर डावीकडे गेला, तर गोळीही सेंटिमीटरभरच सरकते.

रॅपिड फायरच्या लक्ष्यावर १० गुणांचे वर्तुळ १० सेंटिमीटर व्यासाचे असते. पॅरिसमधील महिलांच्या अंतिम फेरीत वेध धरला जाण्यासाठी १०.२ किंवा त्याहून चांगली गोळी लागत होती. हे वर्तुळ अंदाजे साडेआठ सेंटिमीटरचे. म्हणजे हात थोडा डुलला तर चालते. मनगट वळले तर संपले. म्हणूनच प्रशिक्षक नजर लक्ष्यावर नव्हे, तर पुढच्या साइटवर ठेवायला लावतात. लक्ष्य धूसर दिसले तरी हरकत नाही.

आणि मनगट वळते कधी? बहुतेक वेळा चाप ओढताना. नेम ‘एकदम बरोबर’ होईपर्यंत नेमबाज थांबतो, वेळ संपत आल्याची जाणीव होते आणि बोट चापाला हिसका देते. उजव्या हाताच्या नेमबाजाची अशी गोळी हमखास खाली आणि डावीकडे जाते. २५ मीटरच्या पिस्तुलाचा चाप किमान एक किलो वजनाचा असावा लागतो, एअर पिस्तूलमध्ये अर्धा किलो. एअर पिस्तूलवरून इकडे येणाऱ्याला हा फरक पहिल्या दिवसापासून बोटात जाणवतो.

मग सराव कशाचा करतात?

सुरुवात काडतुसाविना होते. रिकाम्या पिस्तुलाने, कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर. समोर लक्ष्यच नसल्याने डोळा आपोआप साइटवर राहतो. हात तयारीच्या स्थितीतून उचलायचा, वर येता येता चापाचा पहिला टप्पा घ्यायचा आणि हात थांबताच उरलेला दाब पूर्ण करायचा. मोबाइलवर मेट्रोनोम लावून हेच शेकडो वेळा. कंटाळवाणे काम आहे. पण वेग येथेच घडतो. हा सराव घरी करतानाही काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवणे आणि पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करणे हा पहिला नियम.

पुढचा टप्पा फक्त पहिल्या गोळीचा. रॅपिड फायरमध्ये चार सेकंदांचा हिशेब पाहा. दिवा दिसून शरीराने प्रतिसाद देण्यातच जवळपास पाव सेकंद जातो. समजा पहिली गोळी दीड सेकंदाला सुटली, तर उरलेल्या अडीच सेकंदांत चार गोळ्या बसवायच्या, म्हणजे प्रत्येकी सुमारे ०.६ सेकंद. पहिली गोळी दोन सेकंदांवर गेली, तर हाच आकडा अर्ध्या सेकंदावर येतो आणि पुढचे चारही नेम कोसळतात. म्हणून सरावात कित्येकदा चार सेकंदांचा दिवा लावूनही एकच गोळी झाडायची असते. मग दोन, मग तीन. पाचही गोळ्यांचा प्रयत्न सगळ्यात शेवटी.

लक्ष्यांच्या मध्यांमधले अंतर ७५ सेंटिमीटर असते. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत एकूण तीन मीटर, म्हणजे २५ मीटरवरून पाहता जेमतेम सात अंशांचा वळसा. हा वळसा मनगटातून किंवा खांद्यातून घेतला तर साइटची रेषा मोडते. तो कमरेतून घ्यायचा, वरचे धड आणि हात एकसंध ठेवून. त्यासाठी काही प्रशिक्षक चाप न ओढता नुसता वळसा घ्यायला लावतात.

यानंतरचा सराव थोडा उलटा वाटतो. आठ सेकंदांची मालिका सहा सेकंदांच्या लयीत, सहाची चारच्या लयीत. वेळ उरू द्यायचा. चार सेकंदांत धडपडणाऱ्याला आणखी वेगाने पळवण्यापेक्षा सैल वेळेत नेटकी लय बसवणे फायद्याचे ठरते. प्रत्येक गोळीनंतर ती कुठे लागली असेल हे पडदा पाहण्याआधी सांगायचे, अशीही एक सवय लावतात. अंदाज जुळत नसेल, तर गोळी सुटताना साइट पाहिलीच नव्हती, असा त्याचा अर्थ.

या सगळ्यात नेमबाज एक निर्णय शिकत असतो : किती चांगला नेम ‘पुरेसा’ आहे. एअर पिस्तूलमध्ये या प्रश्नाला वेळ असतो. येथे तीन सेकंदांत हात पूर्ण स्थिर होणारच नाही. हलत्या हातानेच, पण साइट एका रेषेत ठेवून, चाप मऊपणे ओढायचा असतो. मनूचे पात्रता फेरीतील आकडे या दृष्टीने बोलके आहेत. निवांत टप्प्यात २९४ आणि तीन सेकंदांच्या टप्प्यात २९६. वेगामुळे तिची अचूकता घटलेली नव्हती. पदक हुकले ते अंतिम फेरीत, जिथे १०.१ चा नेमही शून्य धरला जातो.

रीलमध्ये दिसतो तो सराव हाच का?

नाही. समाजमाध्यमांवर शॉट टायमरच्या ‘बीप’वर कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढून झाडणारे नेमबाज दिसतात. ती बहुतांशी ‘आयपीएससी’ पद्धतीची प्रॅक्टिकल शूटिंग स्पर्धा किंवा तिची नक्कल. ही संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. तिथे गुणांना वेळेने भागतात. १० सेकंदांत ६० गुण म्हणजे भागाकार ६. ८ सेकंदांत ५५ गुण म्हणजे ६.८७५. पाच गुण गमावूनही दुसरा नेमबाज पुढे. ऑलिम्पिक प्रकारात असा सौदा नाही. तीन सेकंदांचे काम दोन सेकंदांत केले म्हणून कुणी गुण देत नाही. त्यामुळे एका प्रकारचा सराव दुसऱ्यात जसाच्या तसा उपयोगी पडत नाही, आणि रील पाहून घरी बंदुकीशी खेळणे हा तर सराव नव्हेच.

हे कौशल्य खरोखर सरावाने येते?

याचे सर्वात ठोस उदाहरण हंगेरीचे. करोली टकाच या सैनिकाचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात जायबंदी झाला. त्याने डाव्या हाताने शून्यापासून सुरुवात केली आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायरचे सुवर्ण जिंकले. भारताला या प्रकारात एकच ऑलिम्पिक पदक मिळाले आहे. लंडन, २०१२, लष्कराचा विजय कुमार, ४० पैकी ३० वेध आणि रौप्य. योगायोग म्हणजे तारीख तीच, ३ ऑगस्ट. पॅरिसमध्ये अनिश भानवाला आणि विजयवीर सिद्धू हे दोघेही अंतिम फेरी गाठू शकले नाहीत.

महिलांमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण जिंकले, तेही दोन शूट-ऑफनंतर. थायलंडच्या प्रतिस्पर्ध्याशी ३४ वर बरोबरी, पहिल्या शूट-ऑफमध्ये ४-४ आणि दुसऱ्यात ३-२. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्या प्रशिक्षक मुंखबायर दोर्जसुरेन यांनी स्वतः याच प्रकारात १९९२ मध्ये मंगोलियाकडून आणि २००८ मध्ये जर्मनीकडून ऑलिम्पिक कांस्य मिळवले होते.

अडचण कुठे आहे?

१० मीटर एअर पिस्तूलची रेंज एखाद्या लांबट हॉलमध्येही उभी राहते. छऱ्याचा खर्चही झेपण्यासारखा. २५ मीटरसाठी मोठी, सुरक्षित भिंतींची रेंज, वेळेनुसार चालणारी लक्ष्ये आणि पॉइंट २२ ची काडतुसे लागतात. पिस्तुलाला शस्त्र परवाना लागतो तो वेगळाच. त्यात रॅपिड फायरच्या एका नेमबाजाला एकाच वेळी पाच लक्ष्ये अडवून ठेवावी लागतात. पुण्याच्या बालेवाडीसारख्या संकुलात ही सोय आहे, पण तालुक्याच्या गावातील खेळाडूचा सराव एअर पिस्तूलवरच थांबतो. पांढऱ्या भिंतीसमोरचा मेट्रोनोम त्याला परवडतो. हिरव्या-लाल दिव्यासमोर उभे राहण्यासाठी त्याला आजही मोठ्या शहराची गाडी पकडावी लागते.