नुकसान कोणी भरायचे?

2025 मध्ये 4 जूनला बंगळूरच्या चिन्नस्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत 11 जण गेले. 12 तारखेला अहमदाबादला विमान पडले, 260 माणसे गेली. 15 तारखेला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघे गेले. वर्षात बाकीही पुष्कळ घडले. त्याची दखल अंकातले लेख घेतीलच. आम्हाला मात्र हा जून महिना अजून सोडत नाही.

बंगळूरला सरकारने आधी 10 लाख जाहीर केले, टीका झाल्यावर 25 लाख. कुंडमळ्याला 5 लाख. हे आकडे कोणत्या हिशेबाने ठरले? गेलेल्याचे वय, त्याची कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांचा विचार कुठे झाला? चौकशा होतात, अधिकारी निलंबित होतात. पण ज्याच्या हयगयीने माणूस गेला त्याने घरच्यांचे नुकसान भरायचे, हा साधा हिशेब बाजूलाच राहतो.

विमानाचे बघा. 1999 च्या माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात प्रवासी दगावला, तर 1,51,880 एसडीआरपर्यंतची भरपाई कंपनीला चूक सिद्ध होण्याची वाट न पाहता द्यावी लागते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. ही रक्कम दीड कोटी रुपयांच्या पुढे जाते. त्याहून जास्त मागायचे असेल तरच चूक कोणाची हा वाद निघतो. त्याच महिन्यात पुलावर गेलेल्याच्या घरच्यांसाठी असा कोणताही करार नाही, कायदा नाही.

नुकसानभरपाईची लिखित संहिताच आपल्याकडे नाही. फ्रान्सने 1804 च्या संहितेत एका वाक्यात सांगून टाकले की ज्याच्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान होते, त्याने ते भरून द्यावे. जर्मनीच्या 1900 पासून लागू असलेल्या संहितेत जीव, शरीर, आरोग्य, स्वातंत्र्य, मालमत्ता अशी यादीच आहे. न्यूझीलंडने 1974 पासून अपघाती इजेसाठी कोर्टात जाणेच जवळजवळ बंद केले. चूक कोणाचीही असो, सार्वजनिक निधीतून ठरल्या नियमाने भरपाई मिळते. इंग्लंडने नुकसानभरपाईचा कायदा निकालागणिक घडवला आणि आपल्याला तोच वारशाने मिळाला. सर फ्रेडरिक पोलॉक यांनी 1886 मध्ये भारतासाठी त्याचा मसुदा तयार केला होता. तो कधीच संमत झाला नाही.

निकालांवर चालणारा कायदा वाईट नसतो, पण त्यासाठी माणसाला कोर्टाची पायरी चढता आली पाहिजे. आपल्याकडे दिवाणी दाव्याला मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते आणि निकालाला पिढी उलटते. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 मध्ये शस्त्रक्रियेनंतर एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. तिच्या नवऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने न्याय दिला 1996 मध्ये. रक्कम 36 हजार रुपये. न्याय मिळाला हे खरे, पण आई जाताना तान्हे असलेले मूल तोवर तेहतीस वर्षांचे झाले असणार.

आम्ही म्हैसूरकरांनी हा विषय घ्यायला आणखी एक कारण आहे. अंकाचा यंदाचा विषय 'जुन्या वास्तू' हा आहे आणि आमच्या गावच्या लॅन्सडाउन बिल्डिंगचा भाग ऑगस्ट 2012 मध्ये कोसळून चौघांचा जीव गेला. 2016 च्या ऑगस्टमध्ये देवराज मार्केटचा भाग पडला. तेव्हापासून वाद चालला आहे तो इमारती पाडाव्यात की जपाव्यात याचा. वारसा जपावा असेच आमचे मत आहे. पण दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा 1951 मध्ये कोसळून माणसे मेली, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये सांगितलेले तत्त्व या वादात कोणी काढत नाही: रस्त्यालगतची इमारत ज्याच्या ताब्यात, त्याने ती निर्धोक ठेवलीच पाहिजे; दोष दिसला नव्हता, ही सबब चालणार नाही. आणि सरकार मोठे म्हणून सुटते असेही नाही. तलावाचा सांडवा वेळेत न केल्याने एकाच्या जमिनीचे नुकसान झाले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने खुद्द तेव्हाच्या म्हैसूर राज्याला जबाबदार धरले होते.

म्हणजे तत्त्वे आहेत, वाट नाही. रस्त्यावरच्या अपघातांसाठी आपण ती काढली. मोटार अपघात न्यायाधिकरणे आहेत, वय आणि उत्पन्न धरून भरपाई मोजण्याची रीत आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीने मृत्यूसाठी चूक सिद्ध न करताही 5 लाखांची तरतूद आहे. मोटारीखाली गेलेल्याला जे मिळते ते पुलाखाली, भिंतीखाली, गर्दीत गेलेल्याला का मिळू नये? पूल, सार्वजनिक इमारती आणि गर्दीचे कार्यक्रम यांच्यासाठी असेच न्यायाधिकरण हवे. मालकाला आणि आयोजकाला विमा सक्तीचा हवा. आणि सरकारने आधी पैसे दिले तरी नंतर ते दोषीकडून वसूल केले पाहिजेत. मंत्र्याने जाहीर केलेली रक्कम घरच्यांनी जरूर घ्यावी. तिने त्यांचा हक्क मात्र संपता कामा नये.

वाचकहो, तुमच्यात वकील आहेत, अभियंते आहेत, नगरसेवकही आहेत. आपल्या गावातल्या प्रत्येक जुन्या पुलाची शेवटची तपासणी कधी झाली आणि तो कोणाच्या ताब्यात आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तरे आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात आम्ही ती छापू.